तलावाच्या काठानं अकरा किलोमीटर

दोन दिवसांत एक डोंगर, दोन दऱ्या, एक नदी आणि शेवटी एक तलाव पार करायचा. वाटेतल्या बारा टप्प्यांवर कार्डाला भोक पाडून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या आत तलावापलीकडच्या मैदानावर पोहोचायचं. अशी ती शर्यत होती. तिघी-तिघींचे एकोणीस संघ. पहिल्या दोन संघांची निवड पुढच्या मोठ्या शर्यतीसाठी होणार होती, आणि ती निवड आम्हाला हवी होती. म्हणजे आमच्या वन्संना हवी होती. वन्संना एखादी गोष्ट हवी असली की ती आपल्यालाही हवीच असते, हे मी लग्नानंतरच्या चौदा वर्षांत शिकले आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय चौपन्न. इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या मुख्य सिस्टर. तीस वर्षं त्यांनी सर्जनांच्या हातात, त्यांनी मागायच्या आत, नेमकी हवी ती कात्री ठेवली. या सवयीनं त्या बिघडल्या. समोरच्याला काय हवंय हे त्याच्या आधी त्यांना कळतं, आणि ते त्या देतातच, तुम्ही नको म्हणा नाहीतर पाया पडा.

पाच वर्षांपूर्वी एका सकाळी त्या दारात उभ्या राहिल्या, हातात बुटांचा खोका.

"घाल."

"कशाला?"

"मान आखडलीय तुझी. पाठ धरलीय. महिनाभर बघतेय मी. घाल आणि चल."

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासते. दिवसाचे नऊ-नऊ तास समोर भिंत, कानात यंत्राची घरघर आणि डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर एक काच. मान आखडली होती हे खरं, पण ते मी कुणाला बोलले नव्हते. आणि ते बूट मला न विचारता, माप न घेता आणलेले, बरोब्बर बसले! हाच तर वैताग आहे. बाई चुकली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

नवऱ्याकडे तक्रार केली तर तो म्हणाला, "ताईला नाही म्हणायची माझी हिंमत नाही. तुझं तू बघ."

तिसरी बसवाली. ती शहर बस चालवते, अठरा वर्षं एकाच मार्गावर. सकाळी टेकडीवर पळताना आम्हाला भेटली आणि चिकटली. अंगानं थोराड, आवाज खणखणीत, आणि रस्ता चुकणं आपल्या रक्तातच नाही अशी तिची ठाम समजूत. म्हणून नकाशा तिच्याकडे. एकाच मार्गावर अठरा वर्षं जाणाऱ्या माणसाला नकाशा कशाला लागतो, हा प्रश्न मी विचारला होता. दोघींनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी पाण्याची बाटली उघडून पाणी प्यायले.

ही आमची चौथी खेप. पहिल्या वर्षी दुसऱ्याच टप्प्यावर मी बसकण मारली आणि रडले. दुसऱ्या वर्षी बसवालीनं भलतीच दरी उतरवली. तिसऱ्या वर्षी वादळामुळे शर्यतच रद्द झाली. आणि पंचावन्न पूर्ण झाली की या शर्यतीत प्रवेश नाही. वन्संना पंचावन्न पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते.

सकाळी सातला शिट्टी वाजली आणि आम्ही निघालो. तिघींनी एकमेकींपासून वीस पावलांपेक्षा लांब जायचं नाही, असा नियम होता. त्यामुळे वन्सं सतत मागे वळून माझी पावलं मोजत होत्या.

"उचल पाय! उचल!"

"उचलतेय हो! दोनच आहेत!"

पहिले तीन टप्पे झपाट्यानं झाले. मग रान दाट होत गेलं. वर पानांचं छप्पर, खाली कुजलेल्या पानांचा गुडघाभर मऊ थर, आणि मधूनमधून उन्हाचा एखादा कवडसा, त्यात धुळीचे कण संथ फिरत असलेले. अशा ठिकाणी मला नेहमी हळू चालावंसं वाटतं. एका फाट्याशी बसवाली थांबली, नकाशा उलटा धरला, सुलटा धरला.

"उजवीकडे," ती म्हणाली.

"नकाशात ओढा डावीकडे आहे," मी म्हणाले. "इथे तो उजवीकडून ऐकू येतोय."

"चष्मेवाली, ओढे वळतात."

"वळतात, पण इकडून तिकडे उडी मारत नाहीत!"

वन्संनी घड्याळ बघितलं. "वाद नको. उजवीकडे."

उजवीकडे गेलो. पाऊण तास चढलो. काट्यांनी बाह्या फाटल्या, घाम डोळ्यांत उतरला, आणि शेवटी आम्ही ज्या कड्याच्या टोकावर पोहोचलो, तिथून पुढे फक्त हवा होती! समोर, दरीच्या पलीकडच्या डोंगरधारेवर, मोहरीएवढा एक केशरी ठिपका हलत होता.

"तो बघा झेंडा," मी म्हणाले. "चौथा टप्पा. पलीकडे."

"कुठे? मला काही दिसत नाही," बसवाली म्हणाली.

"तुला दिसलं असतं तर आपण इथे असतो का?"

तिनं रागानं काठी एका खोडावर आपटली. खोड पोकळ होतं. आत गांधीलमाशांचं घर होतं.

मग मात्र आम्ही तिघी वीस पावलांचा नियम अगदी काटेकोर पाळत, एकमेकींच्या अंगावर पडत, ती अख्खी धार पाच मिनिटांत उतरलो! बसवालीच्या कानाला दोन डंख, माझ्या मानेला एक. वन्संना एकही नाही. माशांनासुद्धा त्यांची भीती वाटत असावी.

उतरता उतरता एक गोष्ट मात्र झाली. पुढच्या फाट्यावर बसवालीनं नकाशा मुकाट्यानं माझ्या हातात दिला. "तू बघ बाई," सुजलेला कान चोळत ती म्हणाली. "तुला बारीक दिसतं."

खरं तर मला तेव्हा लांबचं दिसत होतं. वीतभर अंतरावरची काच बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्या दिवशी एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावरची वाट मी डोळ्यांनी चालून बघत होते, आणि मग पायांनी. आम्ही बुडालेला वेळ भरून काढला. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर पोहोचलो तेव्हा आमचा नंबर चौथा होता. वन्सं म्हणाल्या, "बरं." त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे खूप झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळीकडे धुकं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. आठव्या टप्प्यानंतर एक घळ उतरायची होती, सुट्या दगडांनी भरलेली. मी पुढे, वन्सं मध्ये, बसवाली मागे. पाऊल ठेवलं की चार दगड खाली. एकदम मागून मोठा घसरल्याचा आवाज आला, दगडांचा लोंढा माझ्या बाजूनं धडधडत गेला, आणि वन्सं माझ्या शेजारी येऊन आदळल्या!

"लागलं का?"

"नाही."

"दाखवा."

"काही नाही म्हटलं ना! चल, वेळ जातोय."

त्या उठल्या. काठी डाव्या हातात होती ती त्यांनी उजव्या हातात घेतली. काचेवरचा केसाएवढा चरा मी दिव्याखाली न धरता ओळखते. काठीचा बदललेला हात मी बघितला, आणि तरीही पुढे चालायला लागले. का? कारण आणखी एकदा विचारलं असतं तर आणखी एकदा बोलणी खावी लागली असती. मी दमले होते. त्यांना विचारण्याचाच मला कंटाळा आला होता.

धुक्यात दोन संघ चुकले. नदीकाठच्या टप्प्यावर कार्डाला भोक पाडणारा पंच म्हणाला, "तुम्ही दुसऱ्या! पुढे फक्त निळ्या टोप्या!" निळ्या टोप्या म्हणजे तीन तरण्याताठ्या व्यायामशिक्षिका. वन्संच्या डोळ्यांत असं काही चमकलं की मला धडकी भरली.

नदी मांडीएवढी होती, पण वेगवान. साखळी करून उतरायचं. बसवाली पुढे, काठी रोवत. तिचा हात वन्संच्या उजव्या हातात. वन्संचा डावा हात माझ्या हातात. पाणी बर्फासारखं. पायाखालचे गोटे साबणासारखे. मध्यापर्यंत आलो. पाणी कमरेला लागलं. माझा पाय घसरला. मी वन्संचा हात घट्ट धरला. त्यांच्या तोंडून एक विचित्र आवाज आला आणि त्यांची बोटं सुटली!

मी गेले!

पाणी नाकात. पाणी तोंडात. वर आभाळ, खाली आभाळ, काही कळेना. पाठीला दगड. गुडघ्याला दगड. आणि या सगळ्यावरून, नदीच्या आवाजावरून, ऑपरेशन थिएटरमधला तो आवाज आला:

"पाठीवर हो! पाय पुढे! पाय पुढे कर, मूर्ख मुली!"

मी पाठीवर झाले. पाय पुढे केले. एक मोठा खडक आला, त्यावर दोन्ही पाय आपटले, प्रवाहानं मला बाजूला ढकललं आणि त्याच्या मागच्या संथ पाण्यात मी भोवऱ्यासारखी फिरत राहिले. तोवर बसवालीनं वन्संना काठाला टेकवलं होतं. ती काठानं धावत आली आणि दोरी फेकली. पहिली दोरी हुकली. दुसरी माझ्या तोंडावर बसली. तिसरी मी पकडली. तिनं मला बाहेर ओढलं ते एखाद्या उशीर झालेल्या प्रवाशाला दारातून आत ओढावं तसं.

मी खोकत वाळूवर पडले होते. वन्सं शेजारी गुडघ्यांवर बसून उजव्या हातानं माझी नाडी बघत होत्या. डावा हात त्यांनी पोटाशी धरला होता. मी तो बघितला. मनगट सुजून कोपराएवढं झालं होतं आणि सरळ नव्हतं.

"हे कधीचं?"

"आधी श्वास घे."

"वन्सं, हे कधीचं?"

बसवालीही आली आणि बघून तिनं डोळे मिटले.

"घळीतलं," मी म्हणाले. "मी विचारलं होतं! दोन तास तुम्ही मोडका हात घेऊन फिरताय आणि तोच हात मला दिलात? मला! नदीत!"

"मला वाटलं धरवेल."

"वाटलं? तुम्हाला?" माझे दात थडथडत होते, पण तोंड थांबेना. "जगातल्या सगळ्यांना काय होतंय ते तुम्हाला कळतं, माझी मान आखडल्याचं माझ्या आधी कळतं, आणि स्वतःचा हात मोडलेला कळत नाही?"

"कळला होता," त्या म्हणाल्या. "सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असतात."

मी ओले केस पिळले. वन्सं सूचना देत गेल्या आणि मी बसायच्या चटईचा तुकडा कापून मनगटाखाली दिला, पट्टी गुंडाळली. बसवालीनं आपल्या मफलरची झोळी केली. "घट्ट नको. बोटांचा रंग बघ. आता गाठ मार. तशी नाही!" गाठ मारतानासुद्धा बोलणी.

मग चाललो. सव्वाबाराला रान संपलं आणि तलाव समोर आला.

एरवी मी तिथे नुसती बघत राहिले असते. डोंगरांच्या कुशीत पसरलेलं ते करडं, प्रचंड पाणी, आणि पार पलीकडे, नखाएवढे दिसणारे मैदानावरचे तंबू. पण वारा सुटला होता. लाटांची टोकं पांढरी झाली होती. काठावर रबरी नावा बांधलेल्या होत्या आणि दर लाटेबरोबर उड्या मारत होत्या. पलीकडे जायचं तर नावेतून चार किलोमीटर, तासाभराचं काम. नाहीतर काठानं चालत अकरा किलोमीटर, दगडधोंड्यांतून. नियमात दोन्ही चालत होतं.

निळ्या टोप्या नुकत्याच पाण्यात शिरत होत्या. नाव एका लाटेवर उभी राहिली, आपटली, आणि सहा हात एका तालात वल्ही मारत तिला पुढे घेऊन गेले.

"बघ, गेल्या त्या!" वन्सं म्हणाल्या. "चला. मी मध्ये बसते. एका हातानं मारते."

"नाही," मी म्हणाले.

त्यांना ऐकू आलं नसावं. त्या नावेकडे निघाल्या. मी पुढे जाऊन नावेच्या दोरीवर पाय दिला.

"वन्सं, नाही. त्यांचे सहा हात आहेत. आपले पाच. नाव उलटली तर तुम्ही कशाला धरणार?"

"उलटणार नाही."

"नदीत माझा हात सुटणार नव्हता!"

हे लागलं. त्यांचा चेहरा पडला, पण हेका सोडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्या बसवालीकडे वळल्या. "तू सांग हिला. तू चल म्हण."

बसवालीनं सुजलेला कान खाजवला. "सिस्टर, पुलावर पाणी असलं की मी बस थांबवते. आत कितीही मोठा साहेब बसलेला असू दे, आरडाओरडा करू दे. मग तक्रार होते. होऊ दे. माणसं घरी जातात."

"दुसऱ्या आहोत आपण!" वन्संचा आवाज फाटला. तो आवाज मी चौदा वर्षांत ऐकला नव्हता. "दुसऱ्या! आणि हे शेवटचं वर्ष आहे. वर्षभरात मला थिएटरमधूनही काढून कागदपत्रांच्या टेबलावर बसवणार आहेत, ठरलंय ते. सकाळी उठून कुठे जायचं मी? कोण मला हाक मारणार?"

वारा झोंबत होता. मी ओली होते, गुडघा फुटला होता, मान डंखानं ठणकत होती, आणि माझा ताबा सुटला.

"मी मारतेय ना! चौदा वर्षं! तुम्ही ऐकता कुठे?"

बसवाली दुसरीकडे बघायला लागली. वन्संनी माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं.

"नाडी सुटलीय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बुटाची नाडी. सुटलीय. मला बांधता येत नाहीये. बांधतेस?"

मी वाकले आणि बांधली. दुहेरी गाठ. या वेळी त्यांनी गाठीत चूक काढली नाही.

तलावावरच्या पंचाला सगळं सांगितलं. त्यानं वायरलेसवरून मैदानावरच्या डॉक्टरला विचारलं. बोटं हलतात का, गार पडलीत का, असे प्रश्न आले, उत्तरं गेली. चालत येऊ देत, पण दर अर्ध्या तासानं बोटं बघा, असं ठरलं. जीप मागवली असती तर संघ बाद झाला असता. साडेबारा वाजले होते. आमच्या हातात साडेतीन तास होते, आणि पुढे अकरा किलोमीटर काठ.

तो काठ कुणी आखला असेल त्याला माझा नमस्कार! गोल धोंड्यांचे ढीग, मध्येच चिखल, मध्येच पाण्यात वाकलेली झाडं, की ज्यांच्या खालून रांगत जायचं. डावीकडे तलावात एकामागून एक नावा जात होत्या. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं. बसवाली मोजत होती, मोठ्यानं.

"तिसरी गेली."

"गप्प बस."

"चौथी. अरेरे, ती वळली परत. नाही, निघाली."

"बसवाली!"

वन्सं मध्ये चालत होत्या. प्रत्येक धोंड्यावर त्यांचा ओठ दातांखाली जात होता. मी दर अर्ध्या तासानं बोटं बघत होते आणि त्या निमूटपणे हात पुढे करत होत्या. पाचव्या किलोमीटरला त्यांनी पाणी मागितलं. सातव्याला बसवालीच्या खांद्यावर हात ठेवला. नवव्यापर्यंत मला वाटायला लागलं, की ही बाई आता बदलली, शहाणी झाली, आता आपलं आयुष्य सुखाचं होणार.

मैदानावरचे तंबू स्पष्ट दिसायला लागले. माणसं दिसायला लागली. घड्याळात तीन बेचाळीस. शेवटचा अर्धा किलोमीटर. आणि वन्सं थांबल्या.

"थोडं बसू या का?" त्या म्हणाल्या.

मी कपाळावर हात मारला. "आता? घळीत विचारलं तेव्हा नाही, नदीत नाही, अख्खा काठ चालून आलो तेव्हा नाही, आणि अठरा मिनिटं उरली असताना आता बसायचंय तुम्हाला?"

"हो," त्या म्हणाल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. "चक्कर येतेय मला."

बसलो. काय करणार? मी त्यांचे पाय माझ्या पिशवीवर उंच ठेवले, बसवालीनं त्यांच्या तोंडात साखरेची गोळी घातली. आम्ही एका धोंड्यामागे, वारा अडवून, तिघी एकमेकींना टेकून बसलो होतो. अगदी समोरून एक नाव काठाला लागताना दिसली. कुणीतरी ओरडलं, टाळ्या वाजल्या. वन्संचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, आणि ते चांगलंच जड होतं.

"तुझी मान दुखेल," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या.

"दुखू दे."

"नदीत..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "तू गेलीस तेव्हा माझं काळीज बंद पडलं होतं."

"आवाज तर बंद पडला नव्हता."

त्या हसल्या. मग त्यांच्या गालांवर रंग आला, बसवालीनं घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं, आणि आम्ही उठलो. सात मिनिटं गेली होती.

तो शेवटचा अर्धा किलोमीटर मला तुकड्यातुकड्यांतच आठवतो. बसवालीचा दंड वन्संच्या एका बाजूला, माझा दुसऱ्या. चिखल. दोरीला अडखळलेला माझा पाय. "उचल पाय!" "उचलतेय हो!" बसवालीचा खणखणीत आवाज, "बाजूला व्हा, बाजूला व्हा!", आणि समोरची माणसं खरोखरच बाजूला होत गेलेली. गवत लागलं. पांढरी रेघ दिसली. तिघींचे पाय एकदम पडले पाहिजेत. पडले!

तीन अठ्ठावन्न.

एकोणीस संघांत नववा नंबर. निळ्या टोप्या पहिल्या आल्या होत्या, अडीच तासांपूर्वीच, आणि कपडे बदलून, केस विंचरून आम्हाला टाळ्या वाजवत उभ्या होत्या. त्यांच्यातली एक वन्संकडे आली आणि म्हणाली, "ताई, आम्ही वळून बघत होतो. तुम्ही नाव नाही घेतली ते बरं केलंत. आमची दोनदा उलटता उलटता राहिली."

"आमची उलटली नसती," वन्सं म्हणाल्या.

भांडायची माझ्यात शक्तीच नव्हती.

डॉक्टरच्या तंबूत वन्सं आत गेल्या. डॉक्टर विशीतली पोर होती. लगेच आतून ऐकू यायला लागलं, "तसं नाही, आधी कोपर टेकव. हं. आता कापूस. अगं, किती तो कापूस!" बिचारी पोर.

मी आणि बसवाली बाहेर गवतावर आडव्या पडलो. बसवालीनं एका हातानं कान धरला होता, दुसऱ्यानं नकाशाची घडी उलगडत होती. तिनं नदीवर, मग काठावर बोट फिरवलं.

"आपण एवढं चाललो?" तिनं विचारलं.

"हो."

"बसनं वीस मिनिटं लागली असती," ती म्हणाली, आणि घोरायला लागली.

मी बूट काढले. पायाला तीन फोड होते. समोर तलाव अजून उसळत होता, आणि त्याच्या पलीकडे, खूप लांब, आम्ही उतरून आलो ती घळ धुक्यातून बाहेर आली होती. ती मला अगदी स्वच्छ दिसत होती. आता इथून मला कुणी उठवू नये, एवढीच माझी इच्छा होती.

"अगं!" तंबूतून हाक आली.

मी डोळे मिटून घेतले.

"अगं, ऐकतेस ना? आत ये जरा. प्लास्टर ओलं आहे, अर्धा तास हलायचं नाही म्हणे. एकटीला करमत नाही मला."

मी एक लांब सुस्कारा सोडला, दोन्ही हात टेकून उठले, आणि अनवाणीच आत गेले.